फ्रीझरचं झाकण आणि चार इंटर्न

पडदा नका उघडू! नाही, म्हणजे मला काहीही झालेलं नाही, पण ब्रिटानं बघितलं तर माझ्यासोबत तुमचीही बिनपाण्यानं करेल, तेव्हा बसा असेच अंधारात, आणि ती खिम्या-बटाट्याची हॉटडिश ओट्यावर ठेवा, फ्रीझरमध्ये नको, फ्रीझरचं नाव काढू नका माझ्यासमोर. अख्ख्या डुलूथभर बोंब झालीय म्हणे, आर्व्हिड कोच डोक्यावर पडला. पडला कुठे? तुम्हाला सांगतो, रविवारी गॅरेजमधल्या त्या थोरल्या फ्रीझरमधून मासे काढायला वाकलो, झाकण आलं धाडकन खाली, बसलं टाळक्यात. मी त्याला दोन शिव्या घातल्या, मासे काढले, तळले, खाल्ले. मला काहीही झालेलं नाही.

पण नेमकी काल, सोमवारी, नवी इंटर्न पोरं रुजू व्हायची होती! चार जणं, चार राज्यांतली, आपापल्या घरून लॅपटॉपवर. ब्रिटाची संस्था तुम्हाला ठाऊकच आहे... डोक्याला मार लागला तर काय करायचं, काय नाही, हे खेळाडूंना आणि आईबापांना समजेल असं लिहायचं. आणि दर उन्हाळ्यात नव्या पोरांना कामाला लावायचं ते मी. आता मी कुठला शास्त्रज्ञ? तीस वर्षं आइस हॉकीच्या बर्फावर शिट्टी फुंकलेला माणूस. पण ब्रिटा म्हणते, कोच, तुमच्याइतका अडाणी वाचक मला मिळायचा नाही, तुम्हाला कळलं म्हणजे जगाला कळलं. बॉस आहे, काय बोलणार? तर लिहिण्याबाबत मी पोरांना दोनच गोष्टी शिकवतो. वाक्य छोटं लिहा, कारण वाचणाऱ्याचं डोकं दुखतंय. आणि पुरावा नाही ते लिहू नका. वाक्यागणिक विचारतो, संदर्भ कुठाय?

तर काल नऊला बसलो, पोरांनी घरून आधीच लिहून आणलेलं ऐकायला. त्या लॅपटॉपचा उजेड एकाएकी इतका का वाढला होता देव जाणे, मी मासेमारीचा काळा चष्मा चढवला. ओरिन म्हणून टेक्सासचा मुलगा आहे, त्यानं एक्क्याण्णव शब्दांचं एक वाक्य वाचलं. एरवी मी विसाव्या शब्दाला झोडपतो, काल तीनदा वाचायला लावलं आणि तिन्ही वेळा म्हटलं, वा, आता हे छोटं कर. मग थिया. गरीब गाय पोरगी, तिच्याकडे सकाळचे सात, मांडीवर दुधातल्या पोह्यांचा वाडगा. तिनं घरच्यांसाठी यादी केली होती, मार लागलेला माणूस कसा ओळखावा. उजेड सोसत नाही. मी काळा चष्मा नाकावर घट्ट बसवला, म्हटलं छान. तेच तेच पुन्हा विचारतो. म्हटलं छान, तू कुठल्या राज्यातली? म्हणाली, ओरेगन, कोच, चौथ्यांदा सांगतेय. चिडचिड करतो. म्हटलं, कोण चिडचिड करतंय इथं? आणि शेवटचं वाक्य काय, तर ‘मला काहीही झालेलं नाही’ हे उत्तर खरं धरू नये! म्हटलं, खोडा ते, संदर्भ कुठाय?

तर ती थिया हळूच विचारते, "कोच, आज वार कुठला?"

म्हटलं, रविवार, मासे नाही का काढले?

झालं. ओरिननं तिकडे ब्रिटाला फोन लावला, बाकीचे मला बोलण्यात गुंतवून बसले. माणसाला एकटं सोडायचं नाही हे पहिल्याच तासाला कुणी शिकवलं? मीच! दहा मिनिटांत ब्रिटा दारात, गाडीत घातलं, डॉक्टर. डॉक्टर म्हणाला, मेंदूला धक्का बसलाय, दोन दिवस स्क्रीन बंद, मग हळूहळू हिंडा-फिरा. परतताना गाडीत मी ब्रिटाला म्हटलं, अगं, मला काहीही झालेलं नाही.

"कोच," ती म्हणाली, "हे वाक्य माझं आहे."

तुम्ही होतात की त्या सामन्याला. चौदा वर्षं झाली. ब्रिटा सोळा वर्षांची होती, माझ्याच संघात, मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळली, उठली. मी विचारलं, बरी आहेस ना? म्हणाली, मला काहीही झालेलं नाही, कोच. आणि मला एक गोल हवा होता हो... हेल्मेटवर थाप मारली आणि पाठवली परत. आठ महिने अंधाऱ्या खोलीत होती पोर. मी डबा घेऊन जायचो, तिची आई डबा घ्यायची आणि दार लावायची. सहा वर्षं एकत्र काम करतोय, पण यावर आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं. काल गाडीत म्हटलं, ब्रिटा, मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी खरं मानलं.

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "मला खेळायचं होतं, म्हणून मी तसं म्हटलं. पण मोठे तुम्ही होतात." आणि माझा हात हातात घेतला तो घर येईपर्यंत सोडला नाही. मी रडलो. डोळे उजेडानं नव्हते आले भरून, तेवढं मला कळतं.

आज सकाळी आली, स्वतः पडदे ओढले, इथंच जमिनीवर बसली आणि थियाची यादी मला सावकाश वाचून दाखवली. शेवटी तेच वाक्य! म्हटलं, खोडलं होतं ना, संदर्भ कुठाय? म्हणाली, आहे की, थियानं खाली बारीक अक्षरात घातलाय. आर्व्हिड नेल्सन, सोमवार.

सहा वर्षं घसा फोडतोय, पुरावा आणा, पुरावा आणा... आणला पोरांनी. जाऊ दे छापायला. चला, खाऊन जा थोडं, आणि उरलेली हॉटडिश ओट्यावरच राहू द्या, फ्रीझरमध्ये नको, फ्रीझरचं नाव काढू नका माझ्यासमोर...

काय? हे मघाशीच सांगितलं?

बरं. मग तेही कळवा त्या थियाला.