थांबा मागच्या दाराशी

(स्वयंपाकघर. सासूबाई आणि दोन्ही सुना. मध्ये मटारच्या शेंगांची परात.)

धाकटी : ...आणि ताई, तुमच्या त्या नगरसेवकांना विचारा, दवाखान्याच्या दारातला बसथांबा उचलून चौकापलीकडे नेला, आता आईंनी मंगळवारी व्यायामाला गुडघा खांद्यावर टाकून जायचं का?

थोरली : आवाज.

धाकटी : चढला नाहीये.

सासूबाई : पायरीवर होता. राजकारण हवं तेवढं बोला, आवाज चढेल तिने कांदे चिरायचे.

धाकटी : निवडणुकीच्या महिन्यात मी एवढे कांदे चिरले, की शेजारच्या काकूंना वाटलं, पक्ष हरला म्हणून रडतेय.

थोरली : हरलाच होतात.

धाकटी : अठरा मतांनी. त्याला हरणं नाही म्हणत, शिंक म्हणतात.

सासूबाई : उद्याच्या नगरसेवकांच्या सभेचं बोल.

धाकटी : तीन मिनिटं मिळणार आहेत. थांबा जवळ आणा, म्हणून दोनशे सह्याही आहेत. पण माईक हातात आला की तोंड कोरडं पडतं. मागच्या खेपेला ‘नमस्कार’ म्हणाले आणि खाली बसले.

थोरली : मग तालीम करू. मी नगरसेवक. हं, बोला बाई.

धाकटी : थांबा परत दारात आणा. म्हाताऱ्या माणसांना भर चौक ओलांडावा लागतो.

थोरली : मान्य. पण दारात बस उभी राहिली की मागे रुग्णवाहिका अडकते. महिन्यात दोनदा अडकली. कुणाला आधी आत सोडू, तुम्हीच सांगा.

धाकटी : हे ते कधी बोलले?

थोरली : उद्या बोलणार आहेत.

धाकटी : तुम्हाला काय माहीत?

थोरली : त्यांची भाषणं मीच लिहून देते. चार वर्षं झाली. त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही.

धाकटी : म्हणजे इतके दिवस मी ज्या भाषणांवर चिडत होते, ती याच ओट्यावर...

सासूबाई : आवाज.

धाकटी : आता काय चढणार आई, बसलाच माझा आवाज. रुग्णवाहिकेपुढे मी काय बोलू?

थोरली : मागचं दार माग. औषधांच्या गोदामाकडचं. बस तशीही तिथूनच वळते, रुग्णवाहिका तिकडे येत नाही. आधी त्यांचं म्हणणं मान्य कर, मग हे माग.

धाकटी : मग त्यांनाच का नाही लिहून दिलंत?

थोरली : दिलं होतं. खोडलं त्यांनी. म्हणाले, दार उघडायला अर्ज लागेल, पुढच्या वर्षी बघू. अर्ज मी लिहून ठेवलाय. सह्या तुझ्याकडे आहेत.

धाकटी : दोनशे एकावी तुमची हवी. आमच्या कागदावर कराल?

थोरली : हात पुसू दे. पेन आण.

धाकटी : आणि उद्या अडखळले तर?

थोरली : माझ्याकडे बघ. पुढचं वाक्य मला पाठ असेल.

धाकटी : पण तुमच्या लोकांच्या खुर्च्या डावीकडे, आमच्या उजवीकडे.

सासूबाई : कुठेही मांडू देत. मला दोघींच्या मध्ये बसायचंय.