रुक्कू मामींची कॉफी

खरं सांगू, त्या कॅसेटमधला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीसुद्धा दचकले होते. खोल विहिरीतून कुणी गातंय असं वाटायचं. गॉथिक रॉक म्हणतात त्याला; कॅसेट मद्रासच्या मैत्रिणीनं दिलेली.

अप्पा तिरुविडैमरुदूरला गेलेले, म्हणून दुपारी मी ती मोठ्यानं लावली. तिसऱ्या गाण्याला दार वाजलं. शेजारच्या रुक्कू मामी डोळे पुसत उभ्या, हातात कॉफीची किटली. आमच्या कुंभकोणमला कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारीच कॉफी आणतात.

"मामी, अप्पांना काय झालं?"

"मला काय विचारतेस गो? रडणं तर तुमच्याच घरातून येतंय!"

तेवढ्यात आतून तो गायक पुन्हा कळवळला.

"कॅसेट आहे, मामी," मी पुटपुटले. आता हे अप्पांच्या कानावर जाणार आणि कॅसेट आडात पडणार, हे ठरलेलंच.

पण मामी आत आल्या आणि जमिनीवर बसल्या. "कुणासाठी रडतो हा एवढा?"

"मला सगळं कळत नाही, मामी."

"कळायला कशाला हवं? आमचे हे गेले तेव्हा मला असं रडताच आलं नाही."

आम्ही कॉफी पीत ऐकत राहिलो. संध्याकाळी अप्पा दारात आले, मामींकडे, किटलीकडे बघून पांढरेफटक पडले. "कोण गेलं?"

मामींनी डोळे उघडले नाहीत. "कुणी नाही. गप्प बसा, दुसरी बाजू चालू आहे."