पन्हळ आणि परवानगी

वेंडेल : पन्हळीतला सगळा पाला काढला, आल्माबाई. आता उतरू का खाली?

आल्मा : डावा कोपरा राहिलाय.

वेंडेल : तो तर मी पहिल्यांदाच काढला.

आल्मा : मग परत पडला असेल. नोव्हेंबर आहे.

वेंडेल : तास झाला येऊन. मी एवढंच विचारायला आलो होतो, की शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय, तर तुमच्या रानात बंदूक घेऊन बसू का. हो की नाही, एवढंच.

आल्मा : मी नाही म्हटलं का?

वेंडेल : तुम्ही शिडी आणून दिलीत.

हेडा : नशीब समज. मागच्या वर्षी पाद्रीबुवा विचारायला आले होते. हिनं त्यांच्याकडून कोंबड्यांचं खुराडं धुऊन घेतलं आणि मग नाही म्हणाली.

आल्मा : हेडा, तू पत्ते खेळ.

हेडा : एकटीच किती खेळू? जिंकून जिंकून कंटाळा आला. आणि थोरली बहीण आहे मी तुझी, मला गप्प नको बसवूस.

आल्मा : इतकी वर्षं कुठं जायचास रे तू शिकारीला?

वेंडेल : हे काय, शेजारी. थॉर्सगार्डच्या मळ्यावर. बावीस वर्षं. यंदा त्यांनी मळा विकला. नवे मालक मिलवॉकी शहरातले. विचारायला गेलो तर म्हणाले, आम्ही हरणांना नावं ठेवलीयत.

हेडा : नावं?

वेंडेल : त्यातल्या थोरल्या नराचं नाव ग्रेगरी.

हेडा : मग ग्रेगरीला मारणं काही बरं नव्हे.

वेंडेल : त्यानंतर सात दारं वाजवली. कुणाचा जावई येणार आहे, कुणाचा पुतण्या. एका घरी तर मालकानं तोंड उघडायच्या आत कुत्र्यानंच निकाल दिला. आमच्या घरात हिवाळाभर हरणाचंच मांस असतं, आल्माबाई. बायको आत्तापासून रिकाम्या फ्रीजरकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते.

आल्मा : आणि हे तू आणलेलं सॉसेज?

वेंडेल : मागच्या वर्षीच्या हरणाचं. तिनंच केलंय, तुमच्यासाठी.

हेडा : चव ओळखीची वाटतेय. आमची सफरचंदं खायची आणि मरायला थॉर्सगार्डकडं जायचं, नमकहराम जात या हरणांची! अगं, हो म्हण ना त्याला. कोबीचे चाळीस गड्डे फस्त झाले तेव्हा खिडकीतून कोण ओरडत होतं, ‘देवा, एखादा नेमबाज पाठव’ म्हणून?

आल्मा : हेडा!

वेंडेल : असं म्हणालात तुम्ही?

आल्मा : तू कोपरा काढ. शिडी माझ्या हातात आहे, विसरू नकोस.

वेंडेल : काढतोय, काढतोय.

आल्मा : आणि नीट ऐक. अकरा वर्षं झाली, या रानात मी कुणाला शिरू दिलेलं नाही. का, ते ठाऊक आहे?

वेंडेल : ऐकून आहे.

आल्मा : त्या साली एकट्या अर्विनला परवानगी होती. ओढ्यापलीकडचा शेजारी म्हणून. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर कुरणाचं फाटक सताड उघडं. नऊ कालवडी हमरस्त्यावर. दोन दुधाच्या टँकरखाली गेल्या.

हेडा : सिवर्ट तिथंच रस्त्यात बसून रडला. हिचा नवरा म्हणजे धोंडा होता नुसता, पण त्या दिवशी रडला.

आल्मा : मग अर्विनच्या दारात जाऊन नको नको ते बोलला. त्यानंतर मरेपर्यंत त्याचं तोंड बघितलं नाही. सिवर्टला पुरलं त्या दिवशी अर्विन चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता. दफनानंतरच्या जेवणाला थांबला नाही. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, फाटक लावत जा. दिली परवानगी. उतर खाली.

हेडा : दिली? पाद्रीबुवांना कळलं तर पुढचं अख्खं प्रवचन तुझ्यावर!

आल्मा : वेंडेल, उतर म्हटलं ना. मघापासून तुलाच घाई होती.

वेंडेल : नाही उतरत. आधी सांगतो, मग हवं तर शिडी काढून घ्या.

आल्मा : काय ते?

वेंडेल : ते फाटक मी उघडं टाकलं होतं.

हेडा : बाई गं!

वेंडेल : माझी गोळी लागलेलं हरीण थॉर्सगार्डच्या मळ्यातून तुमच्या कुरणात शिरलं. रक्ताचा माग दिसत होता. घरी येऊन विचारायला हवं होतं. नाही विचारलं. हरीण सापडलं, ते ओढत नेताना दोन्ही हात गुंतलेले. म्हटलं, हे ठेवून येतो आणि फाटक लावतो. तेवढ्यात बर्फ पडायला लागलं आणि मी विसरलो. अर्विननं त्या फाटकाला हातही लावला नव्हता.

आल्मा : मग इतकी वर्षं?

वेंडेल : रोज म्हणायचो, उद्या सांगू. शाळेची बस घेऊन दिवसातून दोनदा तुमच्या दारावरून जातो. एकदासुद्धा मान वळवली नाही इकडं. ती परवानगी राहू द्या आता. मला नाही पचायची.

आल्मा : उतर.

वेंडेल : शिडी...

आल्मा : धरलीय. तुला पाडायचं असतं तर मघाशीच पाडलं असतं.

(वेंडेल उतरतो. आल्मा आत जाऊन एक हिरवा थर्मास घेऊन येते.)

आल्मा : बुडाशी बघ.

वेंडेल : ‘वेंडेल कुबियाक, बस नंबर सात.’ हे तर माझंच अक्षर! कुठं मिळाला?

आल्मा : फाटकाच्या खांबाशी. त्यानंतरच्या मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर.

हेडा : अगं, यातून मी रोज कॉफी पिते! मला एका शब्दानं बोलली नाहीस?

आल्मा : तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत पोस्टात कळलं असतं.

वेंडेल : पण सिवर्टना का नाही सांगितलंत?

आल्मा : चार महिने उलटून गेले होते. अर्विनला बोलायचं ते बोलून झालं होतं. आणि सिवर्टला ‘माझं चुकलं’ म्हणायला लावणं म्हणजे बैलाला माडीवर चढवणं. म्हटलं, राग निवला की सांगू. राग काही निवला नाही, सिवर्टच गेला. मग सांगायला एकटा अर्विन उरला, आणि तिकडं जायला माझे पाय उचलेनात. तुझीच वाट बघत बसले. सकाळी बस पुढं गेली की म्हणायचे, आजही थांबला नाही मेला.

वेंडेल : म्हणून मला पन्हळ साफ करायला लावलीत?

आल्मा : छे. पन्हळ खरंच तुंबली होती.

हेडा : मग आता?

आल्मा : परवानगी दिली ती दिली. पण शनिवारच्या आत अर्विनला कळायला हवं. याच्या तोंडून, आणि माझ्याही.

वेंडेल : आत्ता?

आल्मा : उद्या म्हणून अकरा वर्षं काढलीस ना? मीही काढली. हेडा, माझा कोट दे.

वेंडेल : त्यानं हाकलून दिलं तर?

हेडा : देईलच. तेवढा हक्क आहे त्याचा. हे उरलेलं सॉसेज न्या बरोबर, हाकलताना निदान हातात काहीतरी राहील त्याच्या.

वेंडेल : तिथं गेल्यावर आधी कोण बोलणार, आल्माबाई?

आल्मा : दार तू वाजव. बोलते मी.