आडनाव मोठं, नाव लहान

नाही काका, बरोबरच आहे तुमचं — मुलगी द्यायची तर मुलगा दिवसभर करतो काय, हे बघायलाच हवं. त्या दिवशी तुमच्या घरी मला सांगता आलं नाही, चारचौघांत जीभ टाळ्याला चिकटते माझी — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय — तर मी प्रयोगशाळेतल्या बाईंचे लेख टाइप करतो. शाळा नववीत सुटली, पण जंतूंची नावं विचारा. जंतूचं आडनाव आधी, नाव नंतर. आडनावाला कॅपिटल, नावाला लहान अक्षर, दोन्ही तिरकी. पुढे पुन्हा आलं की आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर आणि टिंब. चुकतात हो, भलेभले डॉक्टर चुकतात. बाईंनीच एका लेखात एकेचाळीस ठिकाणी चुकवलं होतं, ते मी पकडलं — आणि त्या इतक्या खूश झाल्या, इतक्या, की नव्या जंतूला त्यांनी माझंच नाव दिलं. माणसाचं नाव दिलं की त्याला शेवटी एकदोन अक्षरांचं शेपूट लावतात — पुरुषाला वेगळं, बाईला वेगळं. कुठे सापडला? पायाच्या बोटांच्या बेचक्यात. माझ्या नव्हे, एका पेशंटच्या. रोगबिग काही करत नाही, गरीब आहे, फक्त वास येतो.

मग शेजारच्याच बेचक्यात दुसरा सापडला. बाई म्हणाल्या, “याचं नाव तू सुचव.” आता मी तुमच्या मुलीशिवाय दुसरं कुणाचं सुचवणार, सांगा? बाईचं शेपूट लावलं. आणि काका, काचेच्या बशीत दोघं शेजारी ठेवले तर छान वाढतात, पण त्याला एकट्याला ठेवलं तर दोन दिवसांत संपतो. ती एकटीही मजेत वाढते, ते सोडा. मला वाटलं, तुम्हाला आवडेल.

बदलायचं? नाही हो — एकदा छापलं की ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही — तुम्हाला नाही म्हटलं, बोलायची पद्धत असते. आणि तिला कशाला वाईट वाटेल? तिनेच तर शेपूट तपासलं, काल फोनवर, खूप हसली —

फोन म्हणजे... मीच केला होता. हो, तुमचं उत्तर येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं. तिचा दोष नाही. तिने फक्त उचलला — चारदा.

काका, चपला उलट्या घातल्यात तुम्ही. आणि “जातो” नका म्हणू. “येतो” म्हणा.

काका?