आपापलं माणूस

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तनया, तू होय! वेगळाच नंबर दिसला म्हणून… ऑफिसचा का? बरं, बरं… झोपतेय कसली? संध्याकाळी सातला कोण झोपतं? मेथी निवडत बसले होते… हो, एकटीपुरतीच. एक जुडी चार दिवस पुरते मला.

झाली ना ट्रीप. कालच झाली… छान झाली… अगं छान म्हणजे छान! समुद्र होता, वाळू होती, आणखी काय असतं तिथे?… आवाजाला काय झालंय? काही नाही. उन्हात फिरले, घसा बसला असेल.

बाबांच्या ऑफिसचीच मंडळी, दुसरं कोण. रावसाहेब, विजयमाला आणि बाकीची चार जोडपी. बाबा गेल्यानंतरची पहिलीच ट्रीप ना, मी नाहीच म्हणत होते. पण विजयमाला घरी येऊन बसली, हो म्हणेपर्यंत चहाला हात लावेना… मग? मी तुला काय सांगते दरवेळी? हैदराबादला ये, ये म्हणतेस, पण इथे माझी माणसं आहेत. धायरीत भाजीवालीसुद्धा ओळखते मला. तिथे येऊन मी अकराव्या मजल्यावर कोणाशी बोलू? लिफ्टशी?

ऐक ना, सांगते की. पहाटे साडेचारला धायरी फाट्यावरून निघालो. ताम्हिणीत थंडी काय होती! श्रीवर्धनच्या अलीकडे एक गाव आहे, तिथला किनारा. चिटपाखरू नाही. आणि समोर एक बेट… नाव काही नाही गं, गावातले नुसतं बेट म्हणतात. वर थोडी सुरूची झाडं, बाकी खडक. होडीने वीस मिनिटं…

हो, गेलो ना बेटावर…

आले म्हणजे? सगळे आले परत. मी काय बेटावरून बोलतेय का?

काय?… कोणी सांगितलं तुला?

नम्रताने? विजयमालाच्या नम्रताने?… तुमच्या कँटीनमध्ये? धन्य आहे! आईच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि लेकीच्याही नाही. काल रात्री आईने फोन केला असणार आणि आज दुपारी हैदराबादला बातमी. पेपरवाले उगीच पगार घेतात.

तनया… तनया, ओरडू नकोस. ऑफिसमध्ये आहेस तू… काही झालेलं नाही मला. हातपाय जागेवर आहेत… हो. राहिले मी बेटावर. एक तास दहा मिनिटं.

अगं मुद्दाम कोण कशाला करेल? मोजण्यात चुकलं… तेच तर. मोजलंच नाही कोणी. बाबा कसे मोजायचे आठवतं ना? छत्रीचं टोक प्रत्येकाच्या खांद्याला लावून, मोठ्याने, एक, दोन, तीन… सगळे वैतागायचे. रावसाहेब म्हणायचे, अहो श्यामसुंदर, आम्ही काय मेंढरं आहोत? आता यंदा मोजायचं काम रावसाहेबांकडे. ते होडीत उभे राहिले आणि म्हणाले, ‘आपापलं माणूस बघून घ्या रे!’

हो ना. बघितलं सगळ्यांनी. रावसाहेबांनी विजयमालाला बघितलं, विजयमालाने रावसाहेबांना. पाचही जोडप्यांनी आपापलं माणूस बघितलं. सगळी माणसं जागेवर होती. निघाली होडी.

 

मी कुठे होते म्हणजे, पलीकडच्या बाजूला खडकावर बसले होते… कशाला काय? कंटाळले होते. रावसाहेबांच्या मुलाने अमेरिकेहून डिजिटल कॅमेरा पाठवलाय. मग काय, ‘उल्कावहिनी, आमचा एक काढा ना’, ‘उल्कावहिनी, आता पाण्यात पाय बुडवून’, ‘वहिनी, डोळे मिटले वाटतं, परत काढा’. बारा-पंधरा तरी काढले असतील मी. माझा? माझा कोण काढणार, कॅमेरा माझ्याच हातात होता… मग शेवटी दिला विजयमालाकडे आणि म्हटलं, जरा पलीकडे जाऊन येते… हो, सांगितलं होतं तिला. ती म्हणाली, जा, पण लवकर ये. तेवढ्यात ते स्क्रीनवर फोटो बघायला लागले सगळे. तिच्या डोक्यातून गेलं असणार. जातं गं. वय झालंय.

परत आले तेव्हा होडी निघाली होती. फार लांब नाही. इथून आपल्या सोसायटीच्या गेटपर्यंत असेल. अंताक्षरी चालली होती त्यांची, मला शब्द ऐकू येत होते…

काय?

ओरडले नाही मी.

नाही ओरडले… घसा? घशाला काही झालं नव्हतं. बस आली नाही तर सोसायटीच्या गच्चीवरून रिक्षावाल्याला हाक मारते मी, तुला माहितीये. हात वर केला होता. मग खाली घेतला.

आता का ते काय सांगू?… अगं तू तरी ऐक शांतपणे. मला वाटलं, बघू. कधी लक्षात येतंय बघू. होडी वळेपर्यंत येईल. पाण्याच्या मध्यावर येईल. किनाऱ्याला उतरताना तरी येईलच, उतरताना हात द्यावा लागतो एकमेकांना. मी घड्याळ बघत बसले. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सुटली होडी. बाराला ते पलीकडे उतरलेले दिसले मला, मुंग्यांएवढे. चालत गेले झाडीत. कोणी मागे वळलं नाही.

होता ना मोबाईल. पर्समध्येच होता. रेंजसुद्धा होती, दोन काड्या… नाही लावला. हातात धरून बसले. म्हटलं वाजेल.

वाजला एकदा. सव्वाबाराला… नाही, त्यांचा नाही. कुठल्याशा बँकेची मुलगी. ‘मॅडम, क्रेडिट कार्ड के बारे में दो मिनट बात कर सकती हूँ?’ म्हटलं, दोन मिनिटं काय बाई, तासभर बोल… हस, हस. खरंच बोलले मी. एरवी मी असले फोन धाडकन आपटते. तिने सगळं सांगितलं, पहिल्या वर्षी काय फुकट, दुसऱ्या वर्षी काय. मग विचारलं, मॅडम आपकी सर्विस? म्हटलं, घरीच असते. घर में कौन कौन? म्हटलं, मीच. तर म्हणाली, ठीक है मॅडम, थँक यू, आणि ठेवला.

तुला? तुला कशाला करू? तूच शुक्रवारी म्हणालीस ना, रविवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, फोन करू नकोस, मी करीन. आणि तू हैदराबादहून काय करणार होतीस, पोहत येणार होतीस?

अगं ताटामुळे कळलं त्यांना. जेवण गोदाबाई म्हणून आहेत, त्यांच्या घरी सांगितलेलं. मीच केला होता फोन पुण्याहून, अकरा ताटं म्हणून. तर गोदाबाईंनी अकरा ताटं वाढली. सगळे बसले. एक ताट उरलं. आता माणसाने काय म्हणावं? रावसाहेब काय म्हणाले माहितीये? ‘बाई, तुमची मोजणी चुकली. आम्ही दहा सांगितली होती.’ ती म्हणते, अकरा. हे म्हणतात, दहा. ‘पाच जोडपी आहोत आम्ही, पाच दुणे किती?’ पाढे म्हणून दाखवले तिला! चांगली पाच-सात मिनिटं भांडले. दहाही जण! पुण्याहून जाऊन कोकणातल्या बाईला गणित शिकवत होते. शेवटी ती म्हणाली, सकाळी मी अकरा कप चहा दिला होता, त्या निळ्या साडीतल्या बाई कुठायत?

…विजयमालानेच सांगितलं मला. बसमध्ये, रडत. मी विचारलं नव्हतं काही. तिला लपवता येत नाही. मला वाटतं, ते भांडणाचं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. विसरले तर विसरले. पण ताट समोर मांडलंय, वाफ येतेय आमटीची, आणि तरी म्हणतात, आम्ही दहाच.

आला मग नाखवा. एकटाच आला. म्हणाला, ‘चला आजी, पाणी उतरतंय, मग होडी लागायची नाही.’ आजी! अठ्ठावन्नाव्या वर्षी तेही ऐकून घेतलं…

परत आल्यावर काय, सगळे पाया पडायचे बाकी होते. ते ताट तसंच झाकून ठेवलेलं. बसमध्ये खिडकीची जागा मला, चिक्की मला, पाणी मला. आणि सबंध ताम्हिणीत दर वळणाला, ‘उल्कावहिनी आहेत ना?’ सगळ्यांचं हसू. मीही म्हणत होते, ‘हजर!’ काय करणार? रुसून बसले असते तर म्हणाले असते, श्यामसुंदर गेल्यापासून वहिनी फार हळव्या झाल्यात.

नाही गं… नाही… तनया, ऐक. वाईट नाहीत ती माणसं. बाबांना दवाखान्यात रावसाहेबांनीच नेलं होतं, विसरले नाही मी. वाईट असते तर सोपं होतं. चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण मला तिथे बसल्या बसल्या कळलं, की आता मी कोणाचंच आपापलं माणूस नाही. बाबा होते तेव्हा मला कोणी मोजायची गरज नव्हती. बारा जणांत बाबा आधी मला शोधायचे आणि मग छत्री उचलायचे. फार एकटं वाटलं मला. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा एवढं वाटलं नव्हतं, घर माणसांनी भरलेलं होतं.

…अगं तू कशाला रडतेस? शेजारी कोणी बसलं असेल ना तुझ्या…

हो… हो, कळतंय… तू नेहमीच म्हणतेस…

बरं.

बरं म्हणजे, येते.

…हॅलो? हॅलो, तनया, येतोय ना आवाज?… अगं खरंच येते. तूच म्हणालीस ना आत्ता, आजच तिकीट काढते म्हणून? वर्षभर नाही नाही म्हणत होते, आता म्हणते, येते. इथे काय अडलंय माझं? ट्रंका काढते माळ्यावरून, रविवारपर्यंत आवरेल. राहीन म्हणते आता तुमच्याकडेच…

हं…

हं… अच्छा. सासूबाई आल्यात? कधी?… गुडघ्याचं ऑपरेशन, हो हो, बोलला होता आमोद दिवाळीत. मग दुसऱ्या खोलीत त्या… बरोबर आहे. त्यांना सारखं हलवायला नको… आणि व्यायाम शिकवायला बाई येतात का? चांगलं आहे… मार्चपर्यंत… एप्रिलमध्ये तुझा तो अमेरिकेचा दौरा… मग मे…

नाही गं, हॉलमध्ये कशी झोपू मी? आमोदला अवघडल्यासारखं होईल… नाही, नाही. तू कशाला वाईट वाटून घेतेस? तू मनापासून म्हणत होतीस, कळतं का नाही मला?

अगं चेष्टा केली मी! तुला खरं वाटलं? मी आणि हैदराबाद! तिथे मेथीसुद्धा मिळत नसेल धड… हसते आहेस ना? हस. बघ, कशी घाबरली होतीस, काय गं!

हो, मे महिन्यात येईनच ना. आठ दिवस. सुट्टीला येतात तशी… सासूबाईंना नमस्कार सांग. म्हणावं, व्यायाम चुकवू नका… हो, जेवते. मेथीची भाजी आणि भाकरी… हो, गोळी घेते… तू जा, मीटिंग असेल तुझी. मला काही झालेलं नाही.

थांब हं, बेल वाजली वाटतं दाराची… तुला नाही ऐकू आली?… मला आली. कोणीतरी आलंय. ठेवते हं.