दुसऱ्यांदा कोण सांगणार

सिस्टर: मी भांडायला आले नाहीये, मावशी. खरंच नाही.

मावशी: मग दारात का उभ्या? आत या. फरशी ओली आहे, जपून. आणि हे टोक धरा जरा, तेवढ्या चादरीची घडी घालून टाकू. एकटीला आवरत नाही ही.

सिस्टर: सव्वा वाजून गेलाय, मावशी. चार वाजता चौकशी समिती बसणार आहे.

मावशी: माहीत आहे, मलाही पत्र आलंय. उलटी बाजू धरलीत तुम्ही.

सिस्टर: येणार आहात ना?

मावशी: सस्पेंड केलेल्या माणसाला बोलावलं की जावंच लागतं. आता माझ्याकडे या. हं, झालं. बसा. पाणी देऊ?

सिस्टर: नको. ...द्या थोडं.

मावशी: जेवलात का?

सिस्टर: कालपासून घशाखाली काही उतरत नाहीये. ती मुलगी अजून व्हेंटिलेटरवर आहे, मावशी. बावीस वर्षांची. अपेंडिक्सचं साधं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी जायची होती. पोटात पू झाला, रक्तात पसरला. काल किडनीही... डॉक्टर आता नजर चुकवून बोलायला लागलेत.

मावशी: हं.

सिस्टर: हं काय, मावशी! तिच्या फाईलमध्ये आपल्या विभागातून गेलेल्या हत्यारांच्या ट्रेवरची पट्टी चिकटवलेली आहे. वाफ नीट लागली असती तर तिच्यावरच्या रेघा काळ्या कुळकुळीत झाल्या असत्या. तपकिरी आहेत! ती हत्यारं निर्जंतुक झालीच नव्हती, हे कुणीही सांगेल. आणि खाली लेबलवर सही तुमची.

मावशी: माझीच आहे. मला बोलावून तेवढंच विचारलं, सही ओळखता का. ओळखते म्हटलं. मग सस्पेंडचा कागद हातात दिला. पुढे काही विचारलंच नाही कुणी.

सिस्टर: मग मी विचारते. त्यासाठीच आलेय. तीस वर्षं हे काम करताय तुम्ही. मी नवीन होते तेव्हा पट्टी कशी वाचायची ते तुम्हीच शिकवलंत मला. तुम्हाला दिसलं नसेल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. मग मला सांगितलं का नाहीत?

मावशी: सांगितलं.

सिस्टर: काय?

मावशी: सांगितलं होतं, सिस्टर. तुम्हालाच.

सिस्टर: कधी? हे बघा, असं करू नका. मी समितीला लिहून दिलंय, की मला कुणीही काही कळवलेलं नाही. मशीन व्यवस्थित आहे, ट्रे भरताना चूक झाली असावी. खाली सही केलीय माझी.

मावशी: मग झालं तर.

सिस्टर: झालं तर नाही! कधी सांगितलंत? कुठे?

मावशी: सव्वीस तारखेला, दुपारी अडीचच्या सुमाराला. तुमच्या केबिनच्या दारात. तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. पिवळा कागद होता. मी म्हटलं, सिस्टर, दोन नंबरच्या मशीनची पट्टी नीट काळी पडत नाहीये, दाराच्या रबरातून वाफ जातेय बहुतेक. तुम्ही असा हात वर केलात. थांबा म्हणतात तसा. वर बघितलं नाहीत.

सिस्टर: पिवळा कागद...

मावशी: मी उभी राहिले. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून, ओटीतून फोन आला. फोन ठेवून तुम्ही म्हणालात, आधी ट्रे वर पाठवा, बाकीचं नंतर बोलू. मी पाठवला.

सिस्टर: मला आठवत नाही हे.

मावशी: नसेल आठवत.

सिस्टर: खरंच नाही हो, आईशप्पथ. मला... थांबा. थांबा जरा. तुमच्या हातात निळी टोपली होती का?

मावशी: होती. कापडाच्या गुंडाळ्या होत्या त्यात.

सिस्टर: देवा. टोपली दिसली होती मला. डोळ्याच्या कोपऱ्यातून नुसती टोपली. ...तो कागद ट्रेनिंगचा होता, मावशी. डिसेंबरात आम्हा सगळ्या इन्चार्जना दोन दिवस बसवलं होतं ना, नव्या वर्षात आणखी चांगले प्रमुख कसे व्हाल म्हणून? शेवटी दहा संकल्प लिहून द्यायचे होते, सव्वीसला तीन वाजेपर्यंत. जानेवारीपासून माझ्याकडे तीन विभाग द्यायचे की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

मावशी: मिळाले?

सिस्टर: मिळाले. काल पहिल्या तारखेला पत्र आलं. पहिला संकल्प काय लिहिला होता मी, सांगू?

मावशी: नका सांगू.

सिस्टर: मी माझ्या माणसांचं ऐकून घेईन.

मावशी: नका सांगू म्हटलं ना.

सिस्टर: पण तुम्ही पुन्हा का नाही बोललात? ओरडायचं होतंत माझ्यावर! कागद ओढून घ्यायचा होतात हातातून! एक पोरगी मरायला टेकलीय, आणि तुम्ही एकदा सांगून गप्प राहिलात?

मावशी: राहिले. ते माझ्याच अंगावर आहे, त्यात तुमचा वाटा नाही. हाच हात तो ट्रे घेऊन वर गेला. झोपताना उशीखाली घालते मी हा हात, दिसू नये म्हणून.

सिस्टर: मग का, मावशी?

मावशी: जून महिना आठवतो?

सिस्टर: जून?

मावशी: मी मशीनमधून निघालेला हत्यारांचा लोड अडवला होता. पट्टी फिकी वाटली म्हणून. मोठ्या सरांचं ऑपरेशन चाळीस मिनिटं लांबलं. पुन्हा तपासलं तर सगळं बरोबर निघालं, माझेच डोळे चुकले होते. तुम्ही मला वर नेलंत आणि ओटीच्या दारात सगळ्यांसमोर माफी मागायला लावलीत. मग तीन महिने रात्रपाळी. गाऱ्हाणं नाही सांगत मी. तुम्ही विचारलंत म्हणून बोलतेय. त्या दिवसापासून दुसऱ्यांदा सांगायचं सोडलं मी. एकदा सांगायचं, ऐकलं तर ऐकलं. खाली विभागात सगळ्यांनीच सोडलंय.

सिस्टर: सगळ्यांनी?

मावशी: तुमच्या बुटांचा आवाज आला की रेडिओ बंद होतो. आणि मग सगळं ठीक असतं.

सिस्टर: त्या दिवशी सरांनी मला कसं झापलं होतं, तुम्हाला माहीत नाही. जिन्यात उभी राहून रडले मी. वाटलं, खाली कडक राहिलं नाही तर... जाऊ दे. कुणाला काय सांगतेय मी. मावशी, माझ्या पर्समध्ये एक कागद आहे. तुमच्या सहीसाठी आणला होता.

मावशी: काय लिहिलंय?

सिस्टर: पट्टी फिकी असल्याचे माझ्या लक्षात आले, परंतु मी वरिष्ठांना कळवले नाही. तुमची निवृत्ती आठ महिन्यांवर आलीय. सही केलीत तर तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही, असं मी वर बोलून ठेवलं होतं.

मावशी: म्हणून भांडायला आला नव्हतात.

सिस्टर: मला खरंच वाटत होतं हो, की तुम्ही सांगितलं नाहीत. खोटं लिहून आणलेलं नव्हतं ते. मला खरं वाटत होतं! ...केली असतीत सही?

मावशी: केलीही असती. माझ्याकडे पुरावा काय? दारात उभी होते, एवढाच. ते राहू द्या. दोन नंबर उघडून बघितलं का कुणी? रबर बदललं?

सिस्टर: नाही.

मावशी: नाही म्हणजे? बंद तरी ठेवलंय ना ते?

सिस्टर: मी लिहून दिलं ना, मशीन व्यवस्थित आहे म्हणून.

मावशी: म्हणजे चालू आहे?

सिस्टर: चालू आहे.

मावशी: आज? आज दुपारची ऑपरेशनं असतात, सिस्टर! फोन लावा. बघताय काय माझ्याकडे, लावा आधी!

(सिस्टर विभागात फोन लावते आणि स्पीकर सुरू करते. पलीकडे मशीनवाला आहे.)

सिस्टर: दोन नंबरवर लोड लागला का आज?

मशीनवाला: लागला, सिस्टर. सगळं ठीक आहे.

सिस्टर: पट्टी बघितलीत?

मशीनवाला: हो सिस्टर. ठीक आहे.

सिस्टर: रेघा काळ्या आहेत का?

मशीनवाला: हो. म्हणजे, ठीक आहेत.

सिस्टर: ठीक म्हणजे काय? काळ्या की तपकिरी? अहो, बोला ना! मी काही करणार नाही तुम्हाला, फक्त खरं बोला!

मशीनवाला: माझं काही चुकलं का, सिस्टर? मी नियमानंच लावलाय. रजिस्टर भरलेलं आहे.

सिस्टर: हा सांगत नाहीये, मावशी. मी हात जोडून विचारतेय आणि हा सांगत नाहीये!

मावशी: आणा इकडे. ...अरे, मी बोलतेय.

मशीनवाला: मावशी? तू सिस्टरांच्या फोनवर कशी?

मावशी: ते नंतर. जेवलास का?

मशीनवाला: कुठलं जेवण. तिघांचं काम दोघं करतोय.

मावशी: दोन नंबरचं दार अजून फुसफुसतंय का रे?

मशीनवाला: ...सिस्टर ऐकतायत?

मावशी: ऐकतायत. ऐकू देत. तू माझ्याशी बोल.

मशीनवाला: फुसफुसतंय. काल तर खाली पाणी गळत होतं, फडकं लावलंय. रेघा तपकिरीच राहतात गं. मग आम्ही तोच लोड पुन्हा लावतो. दुसऱ्या खेपेला काळ्या होतात.

मावशी: आणि घाई असली की?

मशीनवाला: मावशी...

मावशी: बोल रे.

मशीनवाला: घाई असली की एकदाच. आज सकाळी घाईच होती.

सिस्टर: किती ट्रे गेले वर?

मशीनवाला: तीन. दोन संध्याकाळच्या केसचे आहेत. एक दीडच्या केसचा, गुडघ्याचा.

सिस्टर: दीड तर वाजून गेला! ऐका, दोन नंबर बंद करा. आत्ता. बटण नाही, वायरच काढा. दारावर कागद लावा, त्यावर माझं नाव घाला. ते दोन ट्रे स्वतः वर जाऊन परत आणा. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणा.

मशीनवाला: आणतो. सिस्टर, मी सांगणार होतो.

सिस्टर: नव्हतात. आणि मी तरी कुठे ऐकणार होते. जा, पळा.

मावशी: ओटीला लावा आता.

सिस्टर: फोन तुमच्याच हातात आहे. तुम्ही दाबा, सहा, सहा, दोन. ...हॅलो, ओटी? मी निर्जंतुकीकरणाची इन्चार्ज. गुडघ्याची केस सुरू झाली? भूल दिली? कापलंय का? एवढंच सांगा, कातडीला सुरी लागलीय का? ...सरांना द्या. हात धुतलेत ते कळतं मला, तुम्ही धरा फोन त्यांच्या कानाशी. ...सर, तो ट्रे वापरू नका. ...नाही सर, शंका नाही, खात्री आहे. ...हो, पेशंट टेबलावर आहे, माहीत आहे मला. ...एक नंबरवरून दुसरा यायला तास लागेल. ...हो सर. ...हो सर. जूनमध्येही हेच म्हणाला होतात तुम्ही. ...नाही, माझ्या माणसांपैकी कुणी नाही. माझं नाव लिहा. ...सर, तो ट्रे उघडू नका म्हणजे नका!

मावशी: काय झालं?

सिस्टर: आपटला फोन.

मावशी: आणि ट्रे?

सिस्टर: आपटताना कुणाला तरी ओरडले, हटवा हे इथून.

मावशी: मग हटवला. बसा. ते पाणी संपवा.

सिस्टर: सव्वीसला मी मान वर केली असती तर, मावशी?

मावशी: आणि मी ट्रे खाली ठेवला असता तर? किती घोळणार आपण ते? चारला दोघी जाऊ. दारात सांगितलं होतं हे मी सांगेन, आणि ट्रे माझ्याच हातानं दिला तेही सांगेन. तुमचं तुम्ही सांगा.

सिस्टर: नोकरी जाईल माझी. कदाचित नर्सिंगचं रजिस्ट्रेशनसुद्धा.

मावशी: जाईल बहुतेक.

सिस्टर: नाही जाणार म्हणाल असं वाटलं होतं.

मावशी: मलाही वाटलं होतं, म्हणावं. नाही आलं तोंडातून.

सिस्टर: ती वाचेल का?

मावशी: मला काय कळणार त्यातलं? सकाळी काचेतून बघितली. छाती हलत होती, पण ते मशीन हलवत होतं.

सिस्टर: तुम्ही जाता तिथे?

मावशी: घरी बसवल्यापासून रोज. तिची आई बाहेर बाकावर असते. तिला वाटतं माझंही कुणीतरी आत आहे. मी काही बोलले नाही. आज मलाच विचारलं तिनं, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी पोरीला बाहेरचं खाऊ दिलं होतं मी, त्यानंच झालं असेल का हो हे सगळं?

सिस्टर: ती स्वतःला दोष देतेय?

मावशी: पोरीला मशीनवर ठेवल्यापासून.

सिस्टर: समितीचा निर्णय होईपर्यंत घरच्यांशी काही बोलायचं नाही, असं लेखी दिलंय आम्हाला.

मावशी: दिलं असेल.

सिस्टर: ...चपला घाला, मावशी. चारला अजून वेळ आहे. आधी तिच्या आईकडे जाऊ. पण काय सांगू मी तिला? कुठून सुरुवात करू?

मावशी: ते तिथे गेल्यावर येईल तोंडात. उभ्यानं मात्र सांगू नका. आधी तिच्या शेजारी बसा.