राजाच्या तोंडची ओळ

धाकटी : दार लावून घ्या, सर. आणि माझ्या बहिणीला बोलवा. ती आल्याशिवाय मी ह्या मेकअपच्या खुर्चीवरून हलणार नाही.

दिग्दर्शक : ताई बाहेरच आहेत. पण आधी ऐक. आत्ताचा टेक बघून आपला कॅमेरामन डोळे पुसत होता. तो माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा हसला नव्हता.

धाकटी : मी रडले आणि तुम्हाला आनंद झाला, एवढं कळलं. बोलवा तिला.

थोरली : आलेय मी. काय झालं?

धाकटी : ते तू सांग. सिनेमा तू लिहिलास. माझ्या पानावर म्हातारा राजा मरताना म्हणतो, 'राजकन्या आली का?' आणि आज टेकमध्ये राजा म्हणाला, 'मुंगी आली का? दमून आली असेल, आधी जेवू द्या तिला.' मला मुंगी म्हणणारा एकच माणूस होता, ताई. आपले बाबा. त्यांना जाऊन वर्ष झालं.

थोरली : ओळ बदलली थोडी.

धाकटी : मला न सांगता.

दिग्दर्शक : मीच म्हटलं, सांगू नका. बदललेलं पान फक्त राजाच्या हातात दिलं. अगं, दोन महिने तू हिरव्या पडद्यापुढे काठीला लावलेल्या चेंडूशी लढतेयस. हा चेंडू म्हणजे राक्षस, तो चेंडू म्हणजे सैन्य.

धाकटी : तुम्हीच म्हणालात, चेहरा कोरा ठेव, बाकीचं आम्ही कॉम्प्युटरवर भरू.

दिग्दर्शक : म्हणालो. तू ठेवलासही. मग सगळं जोडून बघितलं. एवढी मोठी लढाई, एवढी आग, आणि मधे एक मुलगी, जिला काही होतच नाही. मला एक मिनिट खरं हवं होतं.

धाकटी : मागायचंत. नाटकात इतकी वर्षं मी काय माशा मारत होते?

दिग्दर्शक : मागून मिळतो तो अभिनय.

धाकटी : मग मला कशाला घेतलंत? रस्त्यावरून कुणालाही आणायचं आणि घरात कोण मेलंय ते विचारून घ्यायचं. स्वस्तात झालं असतं.

थोरली : हळू बोल गं. बाहेर ऐकू जातंय.

धाकटी : जाऊ दे. तू मला एवढंच सांग, बाबा खरंच असं म्हणाले होते?

दिग्दर्शक : ताई, ह्याचं उत्तर शॉट झाल्यावर द्या ना. तेच आता फक्त जवळून घ्यायचंय. थोडक्यात आटपेल.

धाकटी : म्हणजे उत्तर ऐकून माझा चेहरा बदलेल म्हणून?

दिग्दर्शक : हो. खोटं कशाला बोलू.

धाकटी : तू फोनवर सांगितलंस, बाबा झोपेत गेले. मी तेव्हा ह्याच सिनेमासाठी डोंगरात दोरीला लटकून उडत होते. झोपेत गेले, म्हणजे त्यांनी कुणाची वाट बघितली नाही, अशी मी माझी समजूत काढली. वर्षभर तेवढ्यावर काढलं. आणि आज भर लायटीत कळतंय, ते मला विचारत होते.

दिग्दर्शक : विचारत होते. ताईंनीच सांगितलं मला.

थोरली : मी असं सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, हिचे वडील शेवटी हिच्याबद्दल काय म्हणाले असते. मी लिहून दिलं.

धाकटी : म्हणाले असते?

थोरली : त्यांच्या तोंडात नळी होती गं. बोलणार कसे?

धाकटी : मग झोपेत नाही गेले.

थोरली : नाही. तू तिकडे एकटी होतीस. म्हणून तसं सांगितलं.

धाकटी : आणि 'मुंगी आली का' हे तुझं.

थोरली : माझं. पण बोलता आलं असतं तर हेच म्हणाले असते. मला खात्री आहे.

धाकटी : तुला काय, राजाचीही खात्री असते आणि राक्षसाचीही.

(बाहेरून दारावर टकटक होते आणि थांबते.)

दिग्दर्शक : आज राहू दे का?

धाकटी : नको. बाहेर माणसं चिलखतं घालून ताटकळलीत, त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय. देते मी शॉट. पण त्यातलं 'मुंगी' काढा. मघाच्या टेकमधूनसुद्धा. डबिंगला राजा 'राजकन्या' म्हणेल. कॅमेरा माझ्यावर आहे, त्याचे ओठ दिसतच नाहीत.

दिग्दर्शक : काढतो. पण मग तू एवढी का हादरलीस, ते लोकांना कळणार नाही.

धाकटी : कळेल असं मी करते. त्यासाठीच ठेवलंय ना मला?

दिग्दर्शक : बरं. मी लायटी लावायला सांगतो.

धाकटी : दार ओढून घ्या जाताना. ताई, मागचे केस नीट कर जरा, सुटलेत.

थोरली : मान सरळ ठेव.

धाकटी : त्यांनी काहीच केलं नाही शेवटी? डोळ्यांनी, हातांनी?

थोरली : माझा हात धरला होता. सुटेपर्यंत. कुणाचा समजून धरला, ते माहीत नाही.

धाकटी : कुठला हात?

थोरली : हा. उजवा.

धाकटी : म्हणजे लिहितेस तोच.